गव्हावर रुसलेला जावई

मोतीराम मापाऱ्याला मान पचत नसे. हे त्याचं स्वतःचंच मत होतं, आणि लग्नाला दोन वर्षं होईपर्यंत त्यात काही चूक असावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

लहानपणापासून असंच चाललेलं. बार्शीटाकळीला बापाचं थोडंसं वावर आणि घरात बारा महिने ज्वारी. सकाळी भाकर, दुपारी भाकर, संध्याकाळी ताकातल्या कण्या. त्यावर मोतीराम टुणटुणीत असायचा, झाडं चढायचा, मारामाऱ्या करायचा. पण पोळा आला, दिवाळी आली, कोणाचं लग्न निघालं, कोणी मारुतीला कणकेच्या रोडग्यांचा नवस फेडला, की हा आडवा. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, हातातला तांब्या खाली ठेवायला फुरसत मिळायची नाही, आणि सण सरता सरता पोरगं वाळून काडी व्हायचं. आई म्हणायची, चारचौघांत जेवताना पोराला दृष्ट लागते. ती मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची. गावच्या वैद्यबुवांनी संग्रहणी ठरवली आणि मुगाच्या पाण्यावर ठेवलं. पोरगं उठून बसलं. वैद्यबुवा खूश झाले आणि म्हणाले, आता ताकदीसाठी गव्हाची लापशी सुरू करा. पोरगं पुन्हा आडवं.

मोठा झाल्यावर तो अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात मापारी म्हणून लागला. कापसाच्या गाड्या यायच्या, मोतीराम काट्यावर माल तोलायचा. काम चोख, बोलणं कमी. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको सुभद्रा मोझरीजवळच्या बोरखडीची, आणि तिचा बाप म्हणजे पुंजाजी गव्हाळे नावाचा माणूस. आडनाव गव्हाळे असलं तरी त्यात त्याचा काही हात नव्हता. गव्हाचं वेड मात्र त्याचं स्वतःचं.

पुंजाजीच्या काळ्या वावरात बन्सी गहू व्हायचा आणि त्या गव्हाचा त्याला पोटच्या पोरांपेक्षा जास्त अभिमान. बंडीच्या खिशात त्याच्या कायम मूठभर गहू असे. अनोळखी माणूस भेटला तरी तो गहू त्याच्या कानाजवळ नेऊन खुळखुळवायचा आणि विचारायचा, "ऐकू आलं का?" काय ऐकायचं हे कोणालाच कळत नसे, पण सगळे हो म्हणत. त्याच्या घरी ज्वारीही पिकायची, पण ती सालदारांसाठी आणि बैलांसाठी. पाहुण्याला पोळी. आणि जावयाला तर पोळीवर पोळी, वर तुपाची धार. त्या घरात जावयाच्या ताटात भाकर वाढणं म्हणजे त्याला गड्यामाणसांत मोजणं होतं.

पहिल्या दिवाळसणाला मोतीरामला असं काही जेवू घातलं की तो तिसऱ्या दिवशी मोटारीतून उतरताना दोघांच्या खांद्यावर होता. अठ्ठावन्न सालच्या श्रावणात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं आणि पुरण भरलेले कणकेचे धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. सासू पार्वताबाई स्वतः पुढे बसून वाढत होत्या, नको म्हटलं की डोळ्यांत पाणी आणत होत्या. मोतीराम खात गेला. पुढचे काही दिवस त्याने बोरखडीच्या शिवारातच काढले, बहुतेक वेळ बाभळीच्या आडोशाला.

जिनातल्या हमालांना या सासुरवाडीच्या फेऱ्यांची मोठी मजा वाटे. बाकीचे लोक सासरहून फुगून येतात, हा आटून येतो. ते त्याला उचलून कापसाच्या काट्यावर बसवायचे आणि ओरडून वजन सांगायचे. त्या धोंड्यानंतर तो काट्यावर बसला तेव्हा हमालांचा मुकादम नत्थुजी गंभीर झाला. म्हणाला, "मोतीराम, आणखी एक सण झाला तं तुले ह्या काट्यावर पासंगात टाका लागन."

मोतीरामने तेव्हा बसून विचार केला. आजारी तो कधी पडतो? जिथे त्याला मान मिळतो तिथे. म्हणजे मानच बाधत असला पाहिजे. विचार अगदी पक्का होता, एवढंच की त्याला पुरावा नव्हता. पुरावा लवकरच मिळाला. एका लग्नात वरपक्षाने त्याला ओळखलंच नाही आणि वाजंत्रीवाल्यांच्या पंगतीत बसवलं. तिथे भाकर आणि बेसन होतं. मोतीराम मनातून चरफडत जेवला आणि त्याचं पोट एखाद्या साधूसारखं शांत राहिलं. झालं, अपमान मानवतो म्हणायचा. पण पुढच्याच महिन्यात जिनाच्या मुनीमाने त्याला घरी बोलावून सगळ्यांसमोर यथेच्छ झापलं, आणि मग जाताना मुनीमाच्या बायकोने दया येऊन चार शिळ्या पोळ्या खायला दिल्या. एवढा भरगच्च अपमान होऊनही मोतीराम आठवडाभर आडवा पडला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की मान-अपमानाचा काही संबंध नाही. गहूच आपला वैरी आहे.

त्याने सुभद्रेला सांगितलं. सुभद्रा चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे माह्या बापाचा गहू खराब हाय, असंच ना?"

"बापाचाच नाई. कोणाचाबी गहू. मले चालतच नाई थो."

"गहू कोणाले चालत नाई असं कुठी असते का?" असं म्हणून तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. गहू दळाचा तरास तं वाचला." त्या दिवसापासून घरात पोळी झाली नाही, आणि मोतीराम हळूहळू अंग धरू लागला. घरचा प्रश्न असा सुटला. सासुरवाडीचा सुटणार नव्हता.

एकोणसाठ सालच्या दिवाळीला बोरखडीत पंगत बसली. पार्वताबाईंनी पोळी पुढे केली, आणि मोतीराम ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "मले भाकर वाढा."

पोळी पार्वताबाईंच्या हातात तशीच लोंबकळत राहिली. पुंजाजीने आधी बायकोकडे, मग मुलीकडे, मग जावयाकडे पाहिलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. जावई रुसला होता. जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने त्याला काहीतरी देऊन उठवायचं, ही तर रीतच होती. फक्त हा बेटा मोठ्या हुशारीने रुसला होता. गड्याचं खाणं मागून सासऱ्याची अब्रू चारचौघांत काढली होती.

"जवाईबुवा, काय चुकलं आमचं?" पुंजाजी म्हणाला. "काय पायजे सांगा."

"काही नको. फक्त भाकर."

आता रुसलेला जावई याहून वेगळं काय बोलतो? काही नको, असंच म्हणतो. पुंजाजी जाणत्या माणसासारखा हसला, आणि मोतीराम अकोल्याला पोचायच्या आत त्याच्या दारात नवी सायकल उभी होती.

पुढच्या वेळी मोतीरामने अगदी हात जोडून, समजावून सांगितलं की मामाजी, माझा राग नाही, मला गहू सोसत नाही. पुंजाजीने ते लक्षपूर्वक ऐकलं आणि मनगटी घड्याळ दिलं. त्याच्या पुढच्या वेळी मोतीरामने काहीच न बोलता घरून फडक्यात भाकर बांधून नेली. ती त्याने पंगतीत सोडली तेव्हा पार्वताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि आठवड्याभराने एक गडी बोरखडीहून पायी चालत एक दुभती म्हैस घेऊन अकोल्याला आला. मोतीराम एका खोलीत राहत होता. म्हैस जिनाच्या आवारात बांधावी लागली. ती सरकी खाऊन मजेत राहिली. त्या सगळ्या व्यवहारात मजेत असलेली ती एकटीच.

मोतीरामचं नाव वऱ्हाडभर झालं. लग्नं जुळवताना मुलाकडचे लोक त्याचा दाखला द्यायला लागले. मुलींचे बाप त्याला रस्त्यात पाहून तोंड फिरवायचे. ज्याने आयुष्यात कधी कोणाकडे विडीकाडी मागितली नव्हती, तो माणूस लोभी जावई म्हणून प्रसिद्ध झाला. त्याला हे फार लागलं होतं. तो रात्री सुभद्रेला म्हणायचा, म्हैस परत देऊन येऊ का. सुभद्रा म्हणायची, म्हैस परत नेली तर बाबा समजतील की तुम्हाला दोन हव्यात.

साठ साली, मुलगी मैना नुकती झाली होती तेव्हा, कोणाच्या तरी बारशात त्याच्या तोंडात आग्रहाने रव्याचा लाडू कोंबला गेला आणि तो पुन्हा घसरला. या वेळी नत्थुजीने त्याला अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या आणि त्यांनी चक्क सगळं ऐकून घेतलं. पोळा, दिवाळी, वाजंत्रीवाल्यांची पंगत, मुनीमाच्या पोळ्या, सगळं. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं आहे. असा आजार असतो. त्याला सिलिअॅक म्हणतात. कणकेत जो चिकटपणा असतो ना, तो तुमच्या आतड्याला सोसत नाही. औषध काही नाही. गहू खायचा नाही, जव खायचा नाही, जन्मभर. ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर पोटभर खा." आणि तो उठायला लागला तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. "हे रक्तातून उतरू शकतं. मुलीवर लक्ष ठेवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला खरं मानलं होतं. मोतीरामला भर दवाखान्यात रडू आलं. परत आल्यावर त्याने जिनात पेढे वाटले. आपल्याला जन्माचा रोग निघाला म्हणून पेढे वाटणारा माणूस हमालांनी यापूर्वी पाहिला नव्हता. मैनाबद्दलचं वाक्य त्याने सुभद्रेला सांगितलं. तिने ते ऐकलं आणि ठेवून दिलं. पोर तेव्हा आईच्या दुधावर होती, गुटगुटीत होती.

पुंजाजीला ही बातमी कळली तेव्हा तो म्हणाला, "विलायती रोग म्हणे. मापाऱ्याले विलायती रोग कसा होईन? विलायतेले गेला होता का थो?" मग थोडा विचार करून त्याने पार्वताबाईंना विचारलं, "विलायती म्हणजे काय मागून राहिला असन?"

एकसष्ट सालच्या होळीनंतर पार्वताबाई ओसरीवरून पडल्या आणि त्यांचा हात मोडला. सुभद्रा मैनाला घेऊन माहेरी गेली. मोतीराम जिनाच्या हंगामात अडकला. जेठात पुन्हा धोंड्याचा महिना लागला, बोलावणं आलं, आणि तो उन्हाच्या झळा खात बोरखडीला पोचला. ओसरीवर सुभद्रेच्या मांडीवर एक पोर होतं. क्षणभर त्याला वाटलं, कोणा नातेवाइकाचं असेल.

ती मैना होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, चेहरा उतरलेला, आणि पोट तेवढं टम्म. तिने बापाकडे पाहिलं, पण हात पुढे केले नाहीत. ते पोट त्याने ओळखलं. ते त्याचंच पोट होतं.

"काय खाऊ घालून राहिले हिले?" त्याने विचारलं.

"दात येऊन राहिले, उन्हाळा बाधला..." सुभद्रा बोलू लागली आणि थांबली. मग खाली मान घालून म्हणाली, "गव्हाचं सत्त्व. आई म्हणे, अंग धरन. मी नाई म्हटलं होतं. पण बाबा म्हणाले, माह्या नातीले गड्याचं खाणं देता का."

मोतीराम सासऱ्यासमोर गेला आणि सरळ बोलला. पोरीचा गहू बंद करा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पुंजाजीला नातीची काळजी नव्हती असं नाही. तो स्वतः रात्रंदिवस तिच्यापाशी बसून होता. पण त्याने गव्हाशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नव्हता. "पोरगी अशक्त झाली, म्हणूनच सत्त्व दुप्पट केलं," तो म्हणाला. "वैद्यबी तेच सांगून राहिले. डॉक्टरीण काय सांगन, तिच्या घरी जवाई हाय का?"

पोरीला उचलून अकोल्याला न्यावं, तर एवढ्या उन्हात मोटारीचा प्रवास तिला झेपणार नव्हता. वाटेतच काही झालं असतं. तिला बरं व्हायचं असेल तर याच घरात व्हायला हवं होतं. आणि घरात गहू होता तोवर कोणाचा ना कोणाचा हात तिच्या तोंडाकडे जाणारच. मावशीने पोळीचा तुकडा दिला असता, मामीने बिस्कीट दिलं असतं, सगळ्यांनी मायेनेच दिलं असतं. मोतीराम गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहिला. ज्या घराने आपल्याला न मागता म्हैस दिली, ते घर मागून एक भाकर देत नाही.

आणि तिथे, बैलाच्या वासात, त्याला सुचलं. या घरात आजारी माणसाचं कोणी ऐकत नव्हतं. बापाचं ऐकत नव्हतं, डॉक्टरचंही ऐकत नव्हतं. पण रुसलेल्या जावयाचं आजवर कोणी टाळलं नव्हतं. तोही धोंड्याचा महिना.

अडचण एकच होती. मोतीरामला रुसता येत नव्हतं.

थोरले जावई किसनराव, म्हणजे त्याचे साडभाऊ, त्याच दिवशी धोंड्यासाठी आले होते. ते या विद्येतले जुने खेळाडू. अंगठी, बैल, छत्री आणि एकदा तर सासऱ्याच्या पायातली नवी वहाण, अशी त्यांची कमाई. मोतीरामने त्यांना गाठलं आणि विचारलं, "किसनभाऊ, रुसाचं कसं?"

किसनराव हबकले. "तू मले विचारून राहिला? म्हैस नेली ना लेका तू. आमी तं तुले उस्ताद समजतो."

"मी कधीच रुसलो नवतो. मले खरंच भाकर पायजे होती."

किसनरावांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. सगळ्या वऱ्हाडात हे वाक्य ज्यांना खरं वाटलं असे ते पहिले नातेवाईक. मग त्यांनी ओसरीवरच्या मैनाकडेही पाहिलं आणि धोतराचा सोगा खोचला. "ऐक तं मंग. घरात रुसाचं नाई, मारुतीच्या पारावर जाऊन बसाचं. गावानं पाहालं पायजे. पाठ घराकडे. पाणी प्याचं नाई. कोणी विचारलं तं 'काई नाई' म्हणाचं, पण असं म्हणाचं की समोरच्याले घाम फुटला पायजे. पहिलं देतील थे घ्याचं नाई. दुसरंबी नाई. सासरा पागोटं काढन तवा तोंड उघडाचं. अन् हसाचं नाई."

मोतीराम पारावर जाऊन बसला. जेठातलं ऊन, पाराचा दगड तव्यासारखा तापलेला. पहिल्यांदा पोरं जमली, मग बाया, मग म्हातारे. म्हैसवाला जावई रुसला, ही बातमी शेजारच्या गावात पोचली आणि तिथून एक बैलगाडी भरून माणसं पाहायला आली. कोणीतरी शेंगदाणे विकायला बसलं. मोतीराम तहानेने व्याकूळ झाला होता आणि "काई नाई" म्हणताना त्याचा आवाज चिरकत होता. लोकांना तो आवाज फार भारी वाटला. एक म्हातारा म्हणाला, असा कोरडा रुसवा आपण जन्मात पाहिला नाही.

पुंजाजी आला. त्याने रेडिओ देऊ केला. मोतीरामने मान हलवली. बैलजोडी देऊ केली. लोकांच्या तोंडून कौतुकाचा हुंकार निघाला. मोतीरामने मान हलवली. मग पुंजाजीने डोक्यावरचं पागोटं काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, "जवाईबुवा, घरात पोर आजारी हाय. आता जीव नका खाऊ. काय पायजे थे सांगून टाका."

मोतीरामला भडभडून आलं. माणूस वाईट नव्हता. तो उठून उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामाजी, घरातला गहू पायजे. सगळा. एक दाणा मांगं राहाले नको. कणीक नको, रवा नको, सत्त्व नको. जातं धुऊन घ्या. धोंड्याचा महिना सरेपर्यंत घरात फक्त ज्वारी. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्याईले."

पुंजाजीचा चेहरा आधी पडला, आणि मग हळूहळू उजळायला लागला.

"गहू पायजे?" तो म्हणाला. "माहा बन्सी? मंग इतके दिवस सांगाचं नाई का?"

इतकी वर्षं ज्याने पोळीला हात लावला नाही, तो आपल्या गव्हासाठीच झुरत होता असं पुंजाजीला वाटलं. त्याला गहिवर आला. त्याने जावयाला मिठी मारली. मोतीरामने समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात किसनरावांनी मागून त्याला सणसणीत चिमटा काढला. मोतीरामने तोंड मिटलं.

कोठ्या उघडल्या, पोती भरली, गाड्या जुंपल्या. ज्या माणसाला गहू विषासारखा होता, तो गव्हाने गच्च भरलेल्या गाड्यांचा धनी झाला. अकोल्याला एका खोलीत हे ठेवायचं कुठे? आणि म्हशीचा अनुभव ताजा होता. मोतीरामने गाड्या मोझरीला वळवल्या आणि गुरुकुंज आश्रमाच्या भंडारघरात सगळा गहू उतरवून दिला. तिथल्या माणसाने विचारलं, कोणाकडून म्हणून सांगू? मोतीराम म्हणाला, पुंजाजी गव्हाळ्यांकडून.

घरी पार्वताबाई मोडका हात गळ्यात बांधून रडत बसल्या होत्या. धोंड्याचा महिना आणि घरात कणीक नाही. सुभद्रेने ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळलं, त्यात पुरण भरायचा प्रयत्न केला. धोंडे फुटले. पुरण बाहेर आलं, पीठ आत गेलं, ताटात काय आहे ते सांगता येईना. तिने ते तसंच नवऱ्यापुढे ठेवलं. मोतीरामने एक घास घेतला, मग दुसरा, मग त्याने मान वर केली नाही. लग्न झाल्यापासून सासुरवाडीत तो पहिल्यांदा पोटभर जेवत होता. त्याने आणखी मागितलं. पार्वताबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जवाई जेवले बाई माह्ये."

मैनाला सुभद्रा ताकातल्या मऊ कण्या भरवू लागली. मोतीराम जिनात निरोप धाडून तिथेच राहिला आणि पहारेकऱ्यासारखा पोरीपाशी बसला. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. तो रोज तिला उचलून बघायचा, मापाऱ्याचे हात, त्यांना काट्याची गरज नव्हती. ती तशीच हलकी लागायची. त्याला वाटलं, आपण उशीर केला. एकदा त्याने सुभद्रेला तसं म्हटलंही. मग पोरीचे जुलाब थांबले. मग तिने स्वतःहून कण्या मागितल्या. आणि महिना सरायच्या सुमाराला तिने वाटी उचलून आजोबाच्या अंगावर भिरकावली. तिला राग यायला लागला म्हणजे जीव आला, असं पुंजाजी तोंडावरच्या कण्या न पुसता घरभर सांगत फिरला.

पण कारण? कारण त्याने कधीच मान्य केलं नाही. जावयाच्या हातून बन्सी गहू आश्रमात दान गेला, त्याचं पुण्य लागलं आणि नात वाचली, हे त्याचं पक्कं मत झालं. गावाचंही झालं. मोतीराम संतापला. म्हणाला, सगळ्यांना एकदा बसवून समजावतो. सुभद्रेने त्याला अडवलं. "राहू द्या. मले समजलं ना? बस झालं." आणि जाताना तिने बापाला ओसरीवर उभं राहून सांगितलं, "बाबा, यापुढं माह्या पोरीच्या तोंडात गव्हाचा कण गेला, तं मी रुसन. मी रुसली तं म्हशीवर नाई भागणार." पुंजाजी घाबरला. जावई रुसल्यावर काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

सहासष्ट साली पुन्हा श्रावणात धोंड्याचा महिना आला. ते सलग दुष्काळाचे दिवस होते. अकोल्यात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू मिळायचा आणि ज्वारी दिवा घेऊन शोधावी लागे. पण मोतीरामच्या घरी ज्वारीचं पोतं कधी रिकामं झालं नव्हतं. ते बोरखडीहून येई, न चुकता, आणि गाडीवाला दर वेळी एकच निरोप देई, "पुंजाजी म्हणाले, रुसू नका."

तिघं बोरखडीला गेली. मैना सहा वर्षांची झाली होती. पंगत बसली, आणि नव्याने लग्न होऊन आलेल्या मामीने, बिचारीला काही माहीत नव्हतं, तिच्या ताटात पोळी वाढली. मैनाने पोळीकडे पाहिलं. मग ती ताटावरून उठली, मारुतीच्या पारावर जाऊन बसली, आणि घराकडे पाठ केली.

पुंजाजी आता काठी टेकत चालायचा. तो तिच्या मागे गेला. "काय पायजे माय तुले?"

"काई नाई," मैना म्हणाली, आणि अशी म्हणाली की मागे उभ्या मोतीरामलाही घाम फुटला.

म्हाताऱ्याने बंडीच्या खिशात हात घातला. गहू खुळखुळवायचा तोच खिसा. त्यातून त्याने फडक्यात बांधलेली भाकर काढली आणि नातीच्या हातात ठेवली. ती घरून निघतानाच त्याने बांधून घेतली असावी, कारण अजून थोडी गरम होती. मैना तिथेच बसून खाऊ लागली.

मोतीरामची नजर पारापलीकडच्या वावरावर गेली. काळं, सपाट, पुंजाजीचं गव्हाचं वावर. त्याचा बाप तिथे गहू पेरायचा, आजाही पेरायचा. त्यात बांधापासून बांधापर्यंत कंबरभर ज्वारी उभी होती.

"मामाजी," तो म्हणाला, "गव्हाच्या वावरात ज्वारी पेरली?"

पुंजाजीने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "मंग काय करू?" तो म्हणाला. "तुमी रुसता, पोरगी रुसते. माह्यं आता वय हाय का पारावर येऊन पागोटं काढाचं?"

मोतीराम सासऱ्याच्या शेजारी पारावर बसला, आणि मैनाने अर्धी भाकर मोडून दोघांच्या मध्ये ठेवली.